औषधाची मुदत आणि घरातली हवा

गेल्या वर्षी भाद्रपद सरता सरता मी चिपळूणला आईकडे गेले होते. घरातली सगळी औषधे ठेवायचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा तिथे स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर असतो. त्याचे झाकण उघडले आणि नाकात चढणारा आंबूस वास आला. चायनीजच्या गाडीजवळून जाताना येतो तसा, व्हिनेगरचा. डब्यातल्या एका प्लास्टिकच्या डबीत बाबांच्या, पाण्यात विरघळवून घ्यायच्या ॲस्पिरिनच्या गोळ्या होत्या. स्ट्रिप फोडताना त्यांची बोटे दुखतात, म्हणून आईने पावसाळा सुरू होतानाच तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम सोलून डबीत भरल्या होत्या. मी एक गोळी खिडकीच्या उजेडात धरली. तिच्या अंगावर बारीक सुयांसारखे, कापसाच्या तंतूंइतके नाजूक स्फटिक उगवलेले होते.

"अगं, तारीख आहे की अजून," आई म्हणाली, आणि तिने डब्यातूनच एक रिकामी स्ट्रिप काढून दाखवली. गोळ्या संपेपर्यंत तारीख हाताशी असावी म्हणून ती तिने जपून ठेवली होती. स्ट्रिपवर पुढच्या वर्षीचा जून महिना छापलेला होता. आईच्या काळजीत काही कमी नव्हते. मात्र ती तारीख त्या बंद स्ट्रिपमधल्या गोळीची होती, आणि गोळी तर जूनपासून डबीत होती.

मी अकरा वर्षे एका औषध कंपनीच्या स्टॅबिलिटी विभागात काम केले. औषध किती दिवस टिकते ते शोधणे हेच आमचे काम. तरीही स्वतःच्या आईवडिलांच्या घरातला औषधांचा डबा मी त्या नजरेने त्या दिवसापर्यंत कधी पाहिला नव्हता. त्याची रुखरुख मनात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या वासाबद्दल. ॲस्पिरिन म्हणजे सॅलिसिलिक आम्लाला ॲसिटिक आम्लाचा एक तुकडा जोडून केलेला रेणू. ही जोडणी पाण्यापुढे टिकत नाही. हवेतली वाफ गोळीत शिरली, गोळी सादळली, की पाण्याचा रेणू त्या सांध्यावर येतो आणि जोड सुटतो. सुटलेले ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, हवेत उडते आणि वास येतो. मागे राहिलेले सॅलिसिलिक आम्ल गोळीच्या पृष्ठभागावर सुयांच्या रूपाने जमते. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात. सॅलिसिलिक आम्ल पोटाला अधिक झोंबते, आणि रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटण्यापासून रोखण्याचे जे काम ॲस्पिरिन करते ते त्याला जमत नाही, कारण त्या कामासाठी नेमका तो सुटून गेलेला तुकडाच लागतो. बाबांना ती गोळी हृदयासाठी दिलेली आहे. त्यामुळे वास येणारी गोळी 'थोडी जुनी' आहे असे म्हणून भागत नाही. ज्या कारणासाठी ती घ्यायची, तेच कारण तिच्यातून कमी होत गेलेले असते.

आता तारखेबद्दल. आमच्या विभागात माणूस आत जाऊ शकेल एवढ्या मोठ्या कपाटांसारखे चेंबर होते. प्रत्येकात तापमान आणि आर्द्रता ठरवून दिलेली असे आणि ती रात्रंदिवस नोंदली जात असे. सर्वांत कडक चेंबर ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेचा. त्यात गोळ्या सहा महिने ठेवायच्या, ठरलेल्या महिन्यांना त्यातले नमुने बाहेर काढायचे (आम्ही त्याला 'पुल' म्हणत असू) आणि एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मूळ औषध किती उरले, मोडून काय काय तयार झाले ते पाहायचे. त्याच वेळी दुसऱ्या चेंबरमध्ये तीच बॅच सौम्य हवेत वर्षानुवर्षे ठेवलेली असते. ही सौम्य हवा युरोपातल्या बाजारासाठी २५ अंश आणि ६० टक्के, तर आपल्यासारख्या उष्ण आणि दमट देशांसाठी ३० अंशांची धरतात. सहा महिन्यांच्या कडक परीक्षेत औषध टिकले तर साधारणपणे दोन वर्षांची तात्पुरती मुदत देता येते आणि ती खरी ठरते का ते दुसऱ्या चेंबरवरून तपासत राहायचे असते. या सगळ्यामागे स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडलेले समीकरण आहे: तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो ते त्यातून कळते. ढोबळमानाने दर १० अंशांना वेग दुप्पट ते तिप्पट होतो असे धरतात.

म्हणजे स्ट्रिपवरची तारीख हे एक अटींसह दिलेले वचन आहे. अमुक वेष्टनात, अमुक तापमानाच्या आत, न उघडता ठेवलेल्या औषधात छापलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत ठरलेल्या मर्यादेइतके औषध शिल्लक असेल, एवढेच ते वचन. बहुतेक गोळ्यांसाठी खालची मर्यादा नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. वेष्टन हा त्या वचनाचा अर्धा भाग आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या ब्लिस्टरमधून वाफ थोडी का होईना आत शिरते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या, महागड्या अलू-अलू पाकिटातून ती जवळजवळ शिरत नाही, आणि कंपनी एखाद्या गोळीसाठी तो खर्च करते तेव्हा ती गोळी ओलाव्याला हळवी आहे हे जाणूनच करते. आपल्याकडे मेडिकलमध्ये चार गोळ्या मागितल्या की दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापून देतो आणि तारीख, बॅच नंबर बहुतेक वेळा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतात. मला ही सवय मनापासून खटकते. गोळी ज्या कप्प्यात आहे तो न कापता, तारखेचा तुकडा आपल्याकडे येईल अशा बेताने कापून घ्यावे, किंवा निदान तारीख पाकिटावर लिहून मागावी.

त्या दिवशी मी बॅगेतले छोटे तापमान-आर्द्रता मापक काढून आईच्या फळीवर ठेवले. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, शेजारच्या शेगडीवर आमटीला उकळी आली, तेव्हा त्याने ३८ अंश आणि ८१ टक्के दाखवले. मी आकड्यांकडे पाहतच राहिले. जी हवा आम्ही चेंबरमध्ये विजेचे बिल भरून मुद्दाम तयार करत होतो, ती माझ्या आईच्या फळीवर दिवसातून तीन वेळा आपोआप तयार होत होती. तेच मापक दुपारी आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या कप्प्यात ठेवले, तर २९ अंश आणि ७० टक्के. दोन जागांमध्ये चौदा पावलांचे अंतर.

ॲस्पिरिन बदलून दिले आणि विषय संपला असे वाटले होते. पण डब्यात आईची थायरॉइडच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती, आणि ती पाहून मला खरी काळजी वाटली.

थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइडच्या औषधाच्या, बहुतेक गोळ्या आपल्याकडे शंभराच्या आसपास गोळ्यांच्या बाटलीत मिळतात. आईला ५० मायक्रोग्रॅमची गोळी आहे. हा आकडा डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखा आहे: अशा वीस हजार गोळ्या एकत्र केल्या तर त्यांत मिळून एक ग्रॅम औषध असते. बाकी सगळी गोळी म्हणजे औषधाला धरून ठेवणारी भुकटी. एवढे थोडे औषध एवढ्या मोठ्या भुकटीत पसरलेले असल्यामुळे त्या भुकटीतला ओलावा त्याला चहूबाजूंनी भेटतो. थायरॉक्सिन उष्णता, ओलावा आणि उजेड तिन्हींना हळवे आहे. वर या औषधाची मात्रा इतकी नेमकी लागते की दहा-पंधरा टक्क्यांचा फरकसुद्धा रक्ततपासणीत उमटू शकतो. याच कारणाने अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००७ साली या एका औषधासाठी मर्यादा आवळली: पूर्वी मुदत संपेपर्यंत ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान राहिले तरी चालत असे, ते ९५ ते १०५ टक्के केले.

आईची पद्धत अशी होती. बाटली आणली की आतली, ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी 'चुकून कोणी खाईल' म्हणून टाकून द्यायची. मग बाटलीचे झाकण घट्ट बसते, सकाळी उपाशीपोटी उघडत नाही, म्हणून गोळ्या स्टीलच्या छोट्या डबीत ओतायच्या आणि ती डबी चहाच्या डब्याशेजारी, म्हणजे त्याच फळीवर ठेवायची. पहाटे चहाचे आधण ठेवताना गोळी घ्यायची आठवण राहते. ही पद्धत विचारपूर्वक बसवलेली होती आणि तिच्यात गोळी एक दिवसही चुकली नव्हती. मात्र ज्येष्ठात उघडलेली बाटली भाद्रपदापर्यंत पुरते, म्हणजे कोकणातला सगळा पावसाळा त्या गोळ्यांनी वाफेच्या शेजारी, जवळजवळ उघड्यावर काढला. त्याच महिन्यात तिचा टीएसएच (थायरॉइडचे औषध कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) वाढलेला आला होता आणि डॉक्टर मात्रा ७५ करावी का या विचारात होते. मी त्यांना भेटून गोळ्यांची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मात्रा तीच ठेवून, नवी बाटली नीट जागी ठेवून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू असे सुचवले. सहा आठवड्यांनी आकडा पूर्वीच्या जागी आला. एका माणसाच्या दोन तपासण्यांवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही हे मला माहीत आहे. तरीही मात्रा वाढवली असती आणि पुढे हिवाळ्यात, कोरड्या हवेत, ताज्या बाटलीतली पूर्ण ताकदीची गोळी तिच्या पोटात गेली असती, तर सत्तरीच्या बाईच्या हृदयावर त्याचा ताण आला असता, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

डबीत ओतण्याची सवय आणखी एका औषधाच्या बाबतीत फार महागात पडू शकते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी. तिच्यातले औषध स्वतःच उडून जाणारे आहे आणि प्लास्टिकमध्ये मुरते. म्हणून ती मूळ काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवायची असते.

हे वाचून कोणी सगळी औषधे फ्रीजमध्ये नेऊन ठेवू नयेत. साध्या गोळ्यांना फ्रीजची गरज नसते, उलट बाहेर काढताच थंड गोळीवर दमट हवेतले पाणी जमते, आणि रोज आत-बाहेर झाले की आपणच तिला ओले करत राहतो.

फ्रीजचा प्रश्न खरा आहे तो इन्सुलिनसाठी. इन्सुलिन हे प्रथिन आहे. त्याच्या रेणूची घडी हे त्याचे सर्वस्व, आणि ती उष्णतेने, हलवण्याने आणि गोठण्याने विसकटते. विसकटलेले रेणू एकमेकांना चिकटून तंतू तयार होतात आणि काचेच्या आतल्या बाजूला धुके धरल्यासारखा पापुद्रा दिसू लागतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरायला काढलेली कुपी सर्वसाधारणपणे चार आठवड्यांपर्यंत खोलीच्या तापमानात चालते, नेमकी मुदत आणि तापमान पाकिटातल्या पत्रकात दिलेले असते. लोक गरमीला घाबरतात आणि कुपी फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटवून ठेवतात. तिथे ती गोठू शकते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसले तरी वापरायचे नाही. माझ्या पाहण्यात उन्हाने बिघडलेल्या कुप्यांइतक्याच बर्फाने बिघडलेल्या कुप्या आल्या आहेत.

माझी मावशी अकोल्याला असते. तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. तिने काकांच्या इन्सुलिनसाठी केलेली व्यवस्था मला फार आवडली. पसरट मातीच्या कुंडीत ओली वाळू, वाळूत बसवलेले छोटे मडके, मडक्यात कोरड्या डबीत कुपी, वर ओले फडके. वाळूतले पाणी मडक्याच्या भिंतीतून झिरपून वाफ होते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते त्याच रीतीने. मावशीच्या मडक्यात मी मापक ठेवले तेव्हा बाहेर खोलीत ४१ होते आणि आत २७. फ्रीजची जागा हे घेऊ शकत नाही, पण वापरातली कुपी चार आठवडे सांभाळायला पुरेसे आहे. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या घरांत तापमान दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान हेलकावे खाते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी तेच हेलकावे प्रयोगशाळेत देऊन इन्सुलिन चार आठवडे ठेवले आणि ते फ्रीजमधल्या इन्सुलिनइतकेच प्रभावी राहिल्याचे दाखवले. अशा छावण्यांत ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांना रोज दवाखान्यात सुई टोचून घ्यायला यावे लागते. त्यांच्यासाठी हा निष्कर्ष किती मोलाचा आहे ते सांगायला नको.

मावशीची कुंडी मी चिपळूणला करून पाहिली, आणि आषाढात ती जवळजवळ निरुपयोगी ठरली. हवाच पाण्याने भरलेली असताना वाळूतले पाणी जाणार कुठे? बाहेरच्यापेक्षा आत जेमतेम दोन अंश कमी. विदर्भात औषधाचा शत्रू ऊन आहे आणि कोकणात ओल, हे मला चेंबरच्या आकड्यांतून ठाऊक होते, पण मडक्याच्या गार-कोमट भिंतीला हात लावल्यावर ते जास्त पटले.

पाण्याशी वैर असलेल्या औषधांत पेनिसिलिनचे घराणे मोठे. त्यांच्या रेणूतले चौकोनी कडे ताणलेले असते आणि पाणी ते सहज उघडते. म्हणूनच १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली त्या काळापासून आजतागायत पेनिसिलिनच्या इंजेक्शनची कुपी कोरड्या पांढऱ्या भुकटीची असते आणि पाणी टोचायच्या वेळी मिसळतात. लहान मुलांचे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे सिरपही भुकटीच्या रूपात मिळते ते याच कारणाने. पाणी घातल्यावर ते फ्रीजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच टिकते, मग बाटलीवर पुढच्या वर्षाची तारीख असली तरीही. उरलेले सिरप पुढच्या तापासाठी ठेवणाऱ्या आयांना मी हे हात जोडून सांगत आले आहे.

जुने औषध विषारी होते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बहुतेक औषधे मोडताना नुसती ताकद गमावतात. अपवाद मात्र आहेत आणि ते गंभीर आहेत. १९६३ साली जुन्या, बिघडलेल्या टेट्रासायक्लिनमुळे रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. मोडून तयार झालेले रसायन त्याला कारण होते. अलीकडचे उदाहरण रॅनिटिडिनचे, आम्लपित्तावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या गोळीचे. २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए हे कर्करोगाची शक्यता वाढवणारे रसायन सापडले. पुढच्या तपासात ते साठवणुकीत, आणि तापमान जास्त असेल तर अधिक प्रमाणात, गोळीतच तयार होत जाते असे दिसले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिथल्या बाजारातून हे औषध काढून घ्यायला सांगितले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकी सैन्याच्या साठ्यातल्या मुदत संपत आलेल्या औषधांची १९८६ पासून तिथे पुन्हा तपासणी होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार १२२ औषधांच्या ३००५ बॅचपैकी ८८ टक्के बॅच मूळ तारखेनंतरही किमान एक वर्ष गुणवत्तेत बसल्या, आणि वाढीव मुदतीची सरासरी ६६ महिने आली. २०१२ मध्ये २८ ते ४० वर्षे जुन्या, न उघडलेल्या औषधांतल्या १४ घटकांची तपासणी झाली. त्यांपैकी १२ घटक नव्वद टक्क्यांच्या वर शिल्लक होते, आणि जे टिकले नाहीत त्यांत ॲस्पिरिन होते. हे निष्कर्ष समाजमाध्यमांवर 'एक्स्पायरी डेट ही कंपन्यांची लूट' अशा मथळ्याखाली फिरतात, तेव्हा मला वाईट वाटते. ती औषधे बंद वेष्टनात होती आणि सैन्याचा साठा तर नियंत्रित तापमानात ठेवलेला होता. गॅसवरच्या फळीवर, सोलून डबीत भरलेल्या गोळीला तो निष्कर्ष लागू करणे म्हणजे गोदामातल्या तांदळाची हमी सादळलेल्या पोह्यांना देणे आहे.

मला मनापासून वाटते की घरच्या औषधांवरही लशींच्या कुपीवर असते तशी खूण असावी. १९९६ पासून तोंडाने द्यायच्या पोलिओ लशीच्या कुपीवर एक जांभळट वर्तुळ आणि त्यात पांढरट चौकोन छापलेला असतो. कुपीने जितकी उष्णता सोसली असेल तितका चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाच्या रंगाचा झाला की लस टाकून द्यायची. गावातली आशाताई एका नजरेत ओळखते. त्या कुपीला घडलेला प्रवास स्वतःच्या अंगावर लिहिता येतो. आपल्या स्ट्रिपला फक्त कारखान्यातला दिवस ठाऊक असतो.

तोवर आईकडे मी एवढेच करून आले: बिस्किटांचा डबा लोखंडी कपाटात गेला. बाबांच्या गोळ्या स्ट्रिपमध्येच राहतात आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाची एक मी आणून दिलेल्या कात्रीने आई कप्प्यासकट कापून ठेवते. थायरॉइडची बाटली तिच्या मूळ झाकणात, पुडीसकट आहे. चहाच्या डब्यावर आठवणीसाठी एक लाल टिकली चिकटवली आहे. परवा तिचा फोन आला होता. नवी बाटली उघडली, वर बॉलपेनने तारीख लिहिली, पण काचेवर शाई नीट उमटत नाही, कागद चिकटवला तर चालेल का, असे विचारत होती.